सहा जहाजांचा बुधवार

८ जानेवारी २०१९, मंगळवार
शार्लट अमाली

लिअँडर,

गुड मॉर्निंग. पत्रातसुद्धा हे आधी म्हणायचं असतं. जहाजावर राहून तुझी ही सवय मोडली असेल तर मोडली, मी माझी मोडत नाही.

हे पत्र मी आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, सांगण्यावरून लिहितो आहे. ती नाताळच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यात पडली. हाड मोडलेलं नाही, पण तेव्हापासून उठलेली नाही. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणतो, वय. वय मलाही माहीत आहे, त्याला त्याचे पैसे दिले ते दुसरं काही ऐकायला. तिचं खाणं म्हणजे सकाळी गवती चहा आणि दुपारी दोन चमचे मक्याच्या पिठाचा फंगी, तोही तुझी आत्या एस्मी भेंडी बारीक चिरून, मऊ करून देते म्हणून. माझ्या हातचा चिकट होतो म्हणते.

उद्या तुझं जहाज येईल. दर दुसऱ्या बुधवारी येतं, आपल्या ओसरीवरून त्याचं पिवळ्या पट्ट्याचं धुराडं दिसतं. तू पॅसेंजर घेऊन दर्यानानींच्या दुकानापर्यंत येतोस, त्यांना हिरे आणि घड्याळं दाखवतोस आणि परत जातोस, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दुकानापासून आपलं घर एका चढावर आहे. मी त्या वेळी गाव बघायला आलेली माझी माणसं घेऊन किल्ल्याच्या बाजूला असतो. तो माझा रस्ता आहे, त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही. म्हणजे तू घरी आलास तर मी समोर येईन ही भीती नको.

आणखी एक. गेल्या आठवड्यात माझ्या फेरीतल्या एका बाईने मला तुमच्या जहाजावर वाटतात तो खरेदीचा नकाशा दाखवला. तुझा फोटो आहे त्यावर. फोटो ठीक आहे. पण टेकडीवरच्या बुरुजाला तुम्ही 'समुद्री चाच्याचा वाडा' लिहिलं आहे. तो डॅनिश राजवटीत बांधलेला पहाऱ्याचा बुरुज आहे. कोणी चाचा तिथे राहिल्याचा कागद नाही. मी आठवीत शाळा सोडली, पण पुढे डॅनिश शब्दकोश उशाशी घेऊन ते कागद वाचायला शिकलो, तू त्या वेळी पाळण्यात होतास. निदान तुझ्या नकाशावर तरी हे बरोबर असावं. म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

आजी म्हणते, "त्याला सांग, भांडलात तुम्ही दोघं. मी कुठे भांडले?"

तिचे शब्द आहेत ते, जसेच्या तसे.

हे पत्र दर्यानानींकडे काउंटरवर ठेवतो आहे.

लुडविग हॅरिगन


२२ जानेवारी, मंगळवार

लिअँडर,

गुड मॉर्निंग.

पत्र तुला मिळालं. दर्यानानी म्हणाला, "मिस्टर लुडविग, मी स्वतः हातात दिलं. त्याने उलटसुलट करून बघितलं, खिशात घातलं आणि बायकांना पाचू दाखवायला लागला." म्हणजे मिळालं, एवढं नक्की.

तू आला नाहीस. ते विचारण्यासाठी हे पत्र नाही.

आजीने आता फंगीही बंद केला आहे. तिला जहाजांचे भोंगे ओळखू येतात हे तुला माहीत आहेच. एकतीस वर्षं ती त्याच दुकानात उभी होती, तेव्हा तिथे हिरे नव्हते, टेबलक्लॉथ आणि दारू होती. भोंगा झाला की म्हाताऱ्या दर्यानानीला सांगायची, हे अमुक जहाज, यातल्या बायका विणकाम घेतात, रमकडे बघत नाहीत. तर आताही भोंगा झाला की विचारते, "त्याचं का?" मी म्हणतो, नाही. मग दुसऱ्या भोंग्याला परत. ९ तारखेला तुझं आलं तेव्हा मी 'हो' म्हणालो. त्यानंतर तिने दिवसभर तोंड दाराकडे करून ठेवलं. उद्या काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.

एस्मी मला बोलते. तुझी आत्या बोलल्याशिवाय राहते कधी? ती व्हेंडर्स प्लाझावर तिच्या छत्रीखाली स्कार्फ विकते आणि दुपारी वर येऊन मला फैलावर घेते.

"त्या पोराला चार लोकांसमोर खोटं पाडलंस तू."

मी म्हणालो, "तो चूक सांगत होता."

"बुरुजाबद्दल! लुडविग, बुरुजाबद्दल. बुरुज काय तुझ्या बापाचा?"

"माझ्यामागे माणसं होती. त्यांनी खरं ऐकायला पैसे भरले होते."

"आणि ती माणसं त्याला हसली."

"ती हसली त्याला मी काय करणार?"

तुला हे लिहितो कारण तू वेगळंच सांगितलं असशील. तू दर्यानानींच्या दारात उभा राहून गिऱ्हाइकं बोलावत होतास, त्यांना बुरुज दाखवून चाच्यांच्या खजिन्याचं काहीतरी सांगत होतास. मी तिथून जात होतो. मी एक वाक्य बोललो. आवाज चढवला नाही. त्यात भांडण कुठे होतं ते मला आजवर समजलेलं नाही. तू त्याच महिन्यात जहाजावर गेलास. वादळांनी छप्पर उडालं तेव्हा तू आजीच्या नावाने जनरेटर पाठवलास. तो उत्तम चालतो, तेल वेळेवर बदलतो मी. निळी ताडपत्री अजून अर्ध्या छपरावर आहे.

उद्या दुपारी मी घरात नसेन. किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे.

लुडविग


३० जानेवारी, बुधवार

लिअँडर,

गुड मॉर्निंग.

आजी सोमवारी गेली. सकाळ होती. एस्मी चादर बदलत होती आणि मी दाराचा बिजागर बघत होतो, तो बरेच दिवस कुरकुरत होता. एस्मी म्हणाली, "लुडविग, तेल राहू दे." मी डबी बंद केली, हात पुसले आणि आत गेलो. झालेलं होतं.

रडण्याबिडण्याचं विचारशील तर मला काही झालं नाही. बिजागर नंतर पुरा केला. आता कुरकुरत नाही.

रेडिओवर उद्यापासून मयताच्या सूचनेत आपली नावं वाचतील. मुलगा लुडविग, मुलगी एस्मी, नातू लिअँडर, मग चुलत-मावस, मग सेंट क्रॉईचे, मग टॉर्टोलाचे, मग ती नाताळला टार्ट द्यायची ते शेजारी. एस्मीने शेजारी इतके घातले की रेडिओवाला म्हणाला, बाई, मध्ये बातम्या द्यायला वेळ ठेवा.

दफन बुधवारी, २० फेब्रुवारीला; हे पत्र तुला ६ तारखेला मिळेल, त्याच्या पुढच्या फेरीला. तुझ्या जहाजाचा दिवस. मुद्दाम ठेवला आहे.

यावर जे काही झालं ते थोडक्यात सांगतो. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी बंदराचा तक्ता काढला, हल्ली तेही बघतात. म्हणाले, "मिस्टर हॅरिगन, त्या दिवशी सहा जहाजं आहेत. मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसेल. शनिवारी एकही नाही. शनिवार घ्या."

मी म्हणालो, "बुधवार."

एस्मी म्हणाली, "फादर, याला समजवा. मयताची तारीख बंदराच्या फळ्यावर बघून ठरवणारा हा पहिलाच." मग तिच्या लक्षात आलं असावं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत बसली. पाद्रीबाबांनी तक्ता घडी करून ठेवला.

तर असं. चर्चमधून अकराला निघायचं. बँड पुढे, मग गाडी, मग घरचे पायी. चढ उतरून मेन स्ट्रीट, तिथून सरळ पश्चिमेकडे मार्केट स्क्वेअरवरून दफनभूमीपर्यंत. रस्ता अजून खणलेलाच आहे, पोस्टाच्या पुढे डाव्या अंगाने चालायचं, उजवीकडे फळ्या हलतात. तुला चर्च जमलं नाही तर दर्यानानींच्या दारातून आमच्यात ये. मिरवणूक तिथूनच जाते. तुझा काळा सूट मी त्यांच्या मागच्या खोलीत टांगून ठेवला आहे. पँट कमरेत अर्धा इंच सैल करून घेतली, नकाशावरच्या फोटोवरून अंदाज केला. शर्ट आणि टाय आतच आहे. तू जहाजाच्या कपड्यात आलास तरी तिथे बदलता येईल.

घरच्यांच्या ओळीत माझ्या डाव्या हाताला तुझी जागा ठेवली आहे. तिथे दुसरं कोणी चालणार नाही.

लुडविग


२२ फेब्रुवारी, शुक्रवार

लिअँडर,

गुड मॉर्निंग.

कसं पार पडलं ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

बँड चांगला होता. क्लॅरिनेटवाला नवीन आहे, पण त्याने शोभा केली नाही. पाद्रीबाबांनी आजीचं जन्मवर्ष चुकीचं सांगितलं. मी बाकावरून बरोबर सांगितलं, त्यांनी लगेच दुरुस्त केलं. एस्मीने माझ्या पायावर पाय दिला.

मेन स्ट्रीटवर म्हटल्याप्रमाणे गर्दी होती. लोकांना वाटलं, कार्निव्हलचं काहीतरी आहे. एका माणसाने बँडला डॉलर द्यायला हात पुढे केला. मग गाडीत काय आहे ते दिसल्यावर तोच हात त्याने टोपीला लावला. दुकानदारांनी आपापली दारं अर्धी ओढून घेतली. दर्यानानीने पूर्ण लावलं, तिथे ती एकतीस वर्षं उभी होती म्हणून. सहा जहाजांच्या दिवशी, अकरा वाजून गेलेले असताना, तेही. त्याचं मला बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

दार बंद होतं, त्यामुळे तू आत होतास की नाही ते कळलं नाही. मी थांबलो नाही. गाडी थांबत नाही. मागे वळूनही बघितलं नाही. आईच्या गाडीमागे चालताना मुलगा कोण आलं नि कोण नाही हे बघत नसतो.

माझ्या डाव्या हाताची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. मार्केट स्क्वेअरपाशी एस्मीने तिथे यायला बघितलं, मी कोपर आडवं केलं.

दफनभूमीवर एक प्रकार झाला. पेटी उतरवत होते आणि फाटकाच्या आत, आपल्या माणसांच्या मागे, जहाजाचा एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, टोपी, काळा चष्मा, दाढी, हातात काठीवर लावलेली नंबराची पाटी. आणि त्याच्यामागे पंधरा-वीस जण, हातांत दुकानांच्या पिशव्या. एका बाईने फोन वर धरला होता. म्हणजे आता आमचं पुरणंही तुमच्या नकाशावर आलं म्हणायचं.

मी आवाज केला नाही. अंत्यविधीवाल्यांचा एक नवा माणूस आहे, डोमिनिकाहून आलेला, तो माझ्या शेजारी हातमोजे घालून उभा होता. त्याला सांगितलं, "त्याला म्हणावं, हे बघण्याचं ठिकाण नाही. आपली माणसं घेऊन जा." तो गेला, सांगून आला. ते लोक गेले. मग पाद्रीबाबांनी पुढे वाचलं.

तुझ्या जहाजावरचा असेल तर तुला तो माहीत असेल. त्याच्या कानावर घाल की तिथल्या लोकांना हे आवडलेलं नाही.

जेवण चर्चच्या हॉलमध्ये झालं. मासे, गोड भात, टार्ट. खूप उरलं, एस्मीने ते वाटलं. तू आला नाहीस याबद्दल तिथे कोणी मला विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

सूट उद्या जाऊन परत आणतो.

लुडविग


२३ फेब्रुवारी, शनिवार

लिअँडर,

सूट आणायला गेलो होतो. आज बंदरात जहाज नाही, दुकानात कोणी नव्हतं. दर्यानानी पंखा पुसत होता. सूट जसा टांगला होता तसाच होता.

मी कालचं पत्र काउंटरवर ठेवलं. तो म्हणाला, "मिस्टर लुडविग, त्याला कपडे बदलायला वेळच मिळाला नाही हो. मी दार लावत होतो. तो म्हणाला, एक मिनिट थांबा, आणि बाहेर पडला. पॅसेंजरांना सांगितलं होतं त्याने, इथे बसा, गार पाणी प्या, मी येतो. मीही सांगितलं. पण ते कसले ऐकतात? पाटी निघाली की ते निघतात. पाटी ठेवायचंही सुचलं नाही पोराला."

मी विचारलं, "दाढी आहे त्याला?"

"आहे ना. वर्ष झालं. नकाशावरचा फोटो त्याआधीचा."

मी विचारलं, "गेला तो कुठपर्यंत?"

तो म्हणाला, "ते तुम्हालाच माहीत असणार. तुम्ही होतात तिथे."

नंतर डोमिनिकाच्या माणसाला जाऊन भेटलो. तो गाडी धूत होता. मी विचारलं, त्या माणसाने काय उत्तर दिलं? त्याला आठवायला वेळ लागला. म्हणाला, "काही नाही, मिस्टर हॅरिगन. त्याने विचारलं, हे कोणी सांगितलं? मी तुमच्याकडे बोट दाखवलं. मग त्याने टोपी काढली, 'यस सर' म्हणाला आणि माणसं घेऊन गेला. सभ्य होता. तुमच्या ओळखीचा का?"

मी हो म्हणालो.

लांबचा चष्मा मी त्या दिवशी घरी ठेवला होता. त्या कोटावर तो शोभत नाही.

कालचं पत्र दर्यानानीकडून परत मागावं असं एकदा मनात आलं. मागितलं नाही. ते आणि हे एकत्र वाच.

एस्मीला मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेलो आणि तिथे दुसरंच काही बोलून आलो. येताना तिच्या छत्रीची काडी वळवून दिली.


७ मार्च, गुरुवार

लिअँडर,

गुड मॉर्निंग.

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतास. तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

काल राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि माझी फेरी दुसऱ्या मार्गदर्शकाला देऊन टाकली. तो म्हणाला, "लुडविग, बरा आहेस ना? तू तर तापातही फेरी सोडत नाहीस." मी दर्यानानींच्या दुकानात जाऊन मागच्या बाजूला, घड्याळांच्या कपाटापाशी उभा राहिलो. चष्मा लावला होता.

तू आत आलास आणि मला बघितलंस. तू थांबला नाहीस, मीही हललो नाही. तुझी माणसं आत पसरली. तू त्यांना हिऱ्याबद्दल सांगायला लागलास, पैलू म्हणजे काय, वजन म्हणजे काय, दिव्याखाली का बघायचं नाही, दारात उजेडात नेऊन का बघायचं. मला हे काही माहीत नव्हतं. तू कुठे शिकलास ते मी कधी विचारलं नाही. आजी कापड असंच दारात नेऊन दाखवायची.

माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय." मी म्हणालो, राख आहे. तिने कागदी रुमाल काढून दिला. मी घेतला आणि खिशात ठेवला.

मग तिच्या नवऱ्याने तुला विचारलं, वर टेकडीवर तो दगडी बुरुज दिसतो तो कसला?

तू माझ्याकडे बघितलंस. बराच वेळ बघितलंस असं मला वाटलं, दर्यानानी म्हणतो लगेच बोललास. तू म्हणालास, "तिथे एक चाचा राहायचा म्हणतात."

तो माणूस मग माझ्याकडे वळला. "तुम्ही इथलेच दिसता. खरं का हो?"

मी म्हणालो, "त्यालाच विचारा. तोही इथलाच आहे."

त्याला ते पटलं. तो घड्याळं बघायला लागला.

निघायच्या वेळी तू दारात उभा राहून माणसं मोजायला लागलास. बोट पुढे करून, ओठ हलवत. मी आल्यापासून ती मोजलेली होती. माझी ती सवय आहे, दुकानात काय, चर्चमध्ये काय, मोजलं जातंच. मला सोडून चौतीस होती. तुझं बोट कपाटाच्या बाजूला आलं, माझ्यावरून पुढे गेलं आणि दाराशी संपलं.

"पस्तीस," तू म्हणालास. "चला."

तू पुन्हा मोजलं नाहीस.

बाहेर ट्रक उभा होता, तो उघडा, बाकांचा. सगळे चढले. शेवटच्या बाकावर कडेला जागा होती, तिथे मी बसलो. तू पाटी काखेत धरून मागच्या पायरीवर उभा राहिलास आणि सगळ्यांना म्हणालास, "जरा सरकून बसा."

मी सरकून बसलो.